उकिरड्यातली काच, शेतातलं खापर: जुन्या वस्तू शोधायच्या आणि ओळखायच्या कशा

माझ्या या नादाची सुरुवात एका उल्केने झाली. निदान पहिले तीन आठवडे ती उल्काच होती. नदीकाठी सापडलेला काळा, जड, भोकाभोकांचा दगड मी रुमालात गुंडाळून घरी आणला आणि येईल त्याला दाखवत सुटलो. शेवटी भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या एका बाईंनी तो पालथा करून पाहिला आणि विचारलं, "तिथे जवळपास कधी भट्टी होती का?" ती लोखंड गाळताना निघणारी मळी होती. उल्केला अशी बुडबुड्यांची जाळी सहसा नसते.

मी हिरमुसलो, पण बाईंचे डोळे चमकले. मळी आहे म्हणजे तिथे कधीतरी कुणीतरी लोखंड गाळलं होतं. "नक्की कुठे मिळाली?" त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. काठ दीड-दोन किलोमीटरचा, मी कुठे वाकलो होतो ते कुणाला आठवतंय! नंतर चार वेळा जाऊन आलो, दुसरा तुकडा काही दिसला नाही.

ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

१. आधी कायदा आणि जागामालक, मग बूट

कंटाळवाणी पायरी आहे, पण ती चुकली तर छंद पोलीस ठाण्यात संपतो. "जमिनीवर पडलेलं उचललं, त्यात काय" हा समज बहुतेक देशांत चुकीचा ठरतो. भारतात १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. इंग्लंडमध्ये १९९६ च्या खजिना (ट्रेझर) कायद्यात बसणारी वस्तू १४ दिवसांच्या आत कळवायची असते, आणि लंडनमध्ये थेम्सच्या ओहोटीच्या पट्ट्यात नुसतं वाकून शोधायलासुद्धा परवाना लागतो. नॉर्वेत १५३७ पूर्वीच्या वस्तू थेट सरकारच्या मालकीच्या. तुम्ही जिथे असाल तिथला नियम स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

संरक्षित स्मारक, त्याच्या भोवतीचा पट्टा, युद्धभूमी, दफनभूमी या जागा सोडूनच द्या. आणि खणू नका. नवख्याने जमिनीच्या वर जे आपसूक आलंय तेवढंच बघावं: नांगरटीनंतरचं शेत, पूर ओसरलेला काठ, पाया खोदताना बाहेर टाकलेली माती, पडक्या घरामागचा उकिरडा.

सोबत ठेवायची कागदपत्रं:

- जागामालकाची लेखी परवानगी. सापडलेली वस्तू कुणाची, हे त्यातच लिहून घ्या. तोंडी "जा की, बघ" हे वस्तू निघेपर्यंतच टिकतं.
- जिथे लागतो तिथे परवाना, आणि ओळखपत्र.
- संरक्षित जागा खुणा करून घेतलेला नकाशा.

२. पिशवीत काय असावं

फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटा लोहचुंबक, सेंटिमीटरची पट्टी, जाड हातमोजे, मऊ ब्रश, बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, जाड कागदाच्या चिठ्ठ्या, पेन्सिल, पाणी. घरी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा हवा. त्याचा उपयोग पुढे सांगतो, मला सगळ्यात आवडणारी युक्ती त्याच्यावरच आहे.

मेटल डिटेक्टर पहिल्या वर्षी घेऊ नका. तो खणायला लावतो, आणि दिवसभर खणून हाती लागतात खिळे आणि डब्यांची झाकणं. शिवाय काच आणि खापर त्याला दिसतच नाही. जुन्या वस्तीच्या जागी सगळ्यात जास्त असतं ते नेमकं हेच.

३. नजर बसवणं

पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. सगळे दगडच वाटतात. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरकं असताना जा आणि सूर्याकडे तोंड करून हळू चाला, काच आणि झिलई लगेच चमकते. पावसाची एखादी सर येऊन गेल्यावर आणखी उत्तम, माती धुऊन निघते आणि खापराचा रंग उठून दिसतो.

वस्तू शोधू नका, निसर्गात न होणारा आकार शोधा. सरळ कड, एकसारखी गोलाई, सारख्या जाडीचा पत्रा, दोन समांतर रेघा. इकडेतिकडे भटकण्यापेक्षा दोन-दोन मीटरचे पट्टे पाडून, शेत पेरल्यासारखं चाला.

एक धोका इथेच सांगतो. गंजलेलं, नळकांड्यासारखं, एका टोकाला निमुळतं काही दिसलं तर हात लावू नका, लाथही मारू नका. शंभर वर्षांपूर्वीचे तोफगोळे आजही फुटतात. आल्या पावली मागे या आणि पोलिसांना कळवा.

४. उचलण्याआधी दोन मिनिटं

वाकून थेट उचलायचं नाही. आधी जागच्या जागी फोटो, शेजारी पट्टी ठेवून. मग चार पावलं मागे जाऊन दुसरा फोटो, त्यात झाड, विजेचा खांब, बांध असं काहीतरी ओळखीचं यायला हवं. फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपा. आजूबाजूला आणखी काय पडलंय ते लिहा: विटांचे तुकडे, राख, कोळसा, हाडं, शिंपले.

आणि एकाच जागी एकाहून जास्त जुनी नाणी किंवा दागिने दिसले तर तिथेच थांबा. १९९२ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या हॉक्सन गावी एरिक लॉज नावाचा माणूस एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा डिटेक्टरने शोधत होता. त्याला लागली रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी आणि चमचे. थोडं काढल्यावर तो थांबला आणि त्याने अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी ते शिस्तीत काढलं. जवळजवळ पंधरा हजार नाणी तर होतीच, पण सगळं एका लाकडी पेटीत कसं रचलं होतं आणि भांड्यांमध्ये वाळलेलं गवत कसं भरलं होतं, हेही कळलं. त्याने फावड्याने उपसलं असतं तर सोनं तेवढंच मिळालं असतं, पेटी मात्र कुणाला कळली नसती. तो हातोडाही सापडला, आणि आता तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

५. घरी आल्यावर: घासण्याचा मोह आवरा

माझ्या दुसऱ्या मोठ्या चुकीची गोष्ट. तांब्याचं एक नाणं, त्यावर गडद हिरवा गुळगुळीत थर, त्याखाली पुसट अक्षरं. मी लिंबू-मीठ लावून घासलं. दहा मिनिटांत नाणं नव्यासारखं गुलाबी झालं आणि अक्षरं गेली. ती अक्षरं त्या हिरव्या थरातच उरली होती. खालचा धातू केव्हाच झिजला होता.

नियम सोपे आहेत. काच आणि झिलईचं पक्कं भाजलेलं खापर साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवा, सावलीत वाळवा. काचेवर इंद्रधनुष्यासारखे पापुद्रे असतील तर धुवायचंही नाही. ओलीत राहून काचेचा वरचा थर सुटा झालेला असतो, तो बोटाने निघून येतो. खापरावर आतून काळं काही चिकटलं असेल तर ते तसंच ठेवा, त्यात शिजवलेल्या अन्नाचा अंश असू शकतो. धातू धुवायचाच नाही (आकारमान मोजायला क्षणभर बुडवणं वेगळं, ते पुढे येतं). माती सुकू द्या, बांबूच्या काडीने अलगद काढा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. तांब्या-पितळेवर फिकट हिरवी पूड पुन्हा पुन्हा येत असेल तर तो डबा वेगळा करा, तो धातूला लागलेला रोगच आहे.

चिखलात सापडलेलं लाकूड किंवा चामडं मात्र उलट: ओलंच ठेवायचं. सुकलं की आक्रसतं, तडकतं, आणि परत पूर्ववत होत नाही.

शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवा. पांढरट थर बसलेली, आकाराच्या मानाने फार जड वस्तू म्हणजे बहुधा शिसंच.

६. ओळखणं: "जुनी दिसते" हा पुरावा नव्हे

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. गंज दोन पावसाळ्यांत चढतो. माती सगळ्याच गोष्टींना म्हातारं करते. म्हणून वस्तू कशी दिसते ते सोडा आणि ती कशी बनवली ते विचारा. बनवण्याची खूण खोटं बोलत नाही. बोललीच तर पकडता येते.

*काच.* बाटली हातात घ्या आणि बाजूची उभी रेघ नखाने चाचपा. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे ही रेघ उठते. बुडापासून नख वर न्या: पोट, खांदा, मान. मानेवर रेघ अचानक विरली आणि वरचा ओठ गुळगुळीत, किंचित वाकडा असेल, तर ओठ हाताने घडवला आहे. रेघ थेट ओठावरून पलीकडे गेली असेल तर बाटली यंत्राची. मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित बाटली-यंत्र १९०३ च्या सुमाराचं, त्यामुळे अशी बाटली साधारणपणे विसाव्या शतकातली. एक नख आणि एक मिनिट, इतक्यात शतक ठरतं.

मग बूड बघा. मधोमध खडबडीत, बोचरा वण असेल तर फुंकलेली बाटली सळईवर धरून नंतर तोडल्याची ती खूण. मानेत चिमटा काढल्यासारखी खाच आणि आत गोटी असेल तर तो गोटी सोडाच: हायरम कॉडचं पेटंट १८७२ चं. दातेरी पत्र्याच्या बुचासाठी गोल कड असेल तर १८९२ नंतरची, कारण ते बूच विल्यम पेंटरने त्या वर्षी पेटंट केलं. फिकट जांभळी काच दिसली तर बहुधा मूळची पारदर्शक, तिच्यात मँगनीज होतं आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने तिला रंग आला. सावधान, हा रंग विक्रीसाठी मुद्दामही आणतात, आणि तो नको इतका गडद असतो.

*खापर.* पोटाचा तुकडा कमी बोलतो. काठ आणि बूड जास्त बोलतात, म्हणून तेच आधी बघा. आतल्या बाजूला समांतर वळ्या असतील तर भांडं चाकावरचं. जाडी ठिकठिकाणी बदलत असेल, बोटांचे ठसे असतील तर हाताने थापलेलं. तुटलेल्या कडेवर पाण्याचा थेंब टाका: लगेच शोषला तर कमी आचेवर भाजलेली माती, तसाच बसून राहिला तर उच्च आचेची. कंपासने कागदावर एकात एक वर्तुळं काढून ठेवा आणि काठ त्यावर पालथा धरा. ज्या वर्तुळाशी वाक जुळेल तेवढं भांड्याचं तोंड. तीन बोटांएवढ्या तुकड्यावरून तो रांजणाचा की वाटीचा ते कळतं, तेव्हा अंगावर काटा येतो.

निळी-पांढरी नक्षी भिंगाखाली घ्या. कुंचल्याच्या फटकाऱ्यांऐवजी बारीक रेघा-ठिपके दिसले आणि कुठेतरी नक्षीचा जोड चुकलेला असला, तर ती कागदावरून छापून उमटवलेली. हे तंत्र १७५० च्या दशकापासूनचं. मागे अक्षरं असतील तर नशीबच. अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यामुळे आयात मालावर देशाचं नाव लिहिणं भाग पडलं, म्हणून देशाचं नाव असलेलं भांडं बहुधा त्यानंतरचं. "निप्पॉन" असेल तर १८९१ ते १९२१, त्यानंतर "जपान". ब्रिटिश मालावर चौकट-चिन्ह, म्हणजे उभ्या पतंगासारखी खूण, असेल तर १८४२ ते १८८३ मध्ये नोंदलेली रचना.

*खिळे, स्क्रू, बटणं.* ठोकून केलेल्या खिळ्याची दांडी चौकोनी, चारही बाजूंनी निमुळती, माथ्यावर हातोड्याचे पैलू. पत्र्यातून कापलेला खिळा दोनच बाजूंनी निमुळता. गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास झाला. स्क्रूच्या माथ्यावर फुलीची खाच असेल तर १९३० च्या दशकानंतरचा, विषय संपला. प्लास्टिकचं बटण अंगठ्याने जोरात घासून वास घ्या: कापरासारखा आला तर सेल्युलॉइड, जंतुनाशकासारखा तिखट आला तर बेकलाइट, म्हणजे १९०७ नंतरचं. काही लोक तापलेली सुई टोचून बघायला सांगतात. कृपा करून नको. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

*धातू.* आता ती वजनकाट्याची युक्ती. पाण्याने अर्धा भरलेला पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर त्या वस्तूचं आकारमान. कोरड्या वस्तूचं वजन त्याने भागा. मला एक पिवळट धातूची मूठ मिळाली होती, वजन ६३ ग्रॅम. बुडवल्यावर काट्यावर ७.४. भागाकार ८.५. पितळ ८.४ ते ८.७ च्या आसपास बसतं, म्हणजे पितळच. ताडून बघायला आकडे: सोनं १९.३, शिसं ११.३, चांदी १०.५, तांबं ९.०, लोखंड ७.९, जस्त ७.१, ॲल्युमिनियम २.७. वस्तू आतून पोकळ असेल किंवा बुडबुडे चिकटले असतील तर भागाकार कमी येतो, दोरा हलवून बुडबुडे झटका. गंजलेलं लोखंड आणि फिकट हिरवी पूड सुटणारं तांबं-पितळ मात्र पाण्यात घालू नका.

चांदी म्हणून आलेल्या दहांतल्या नऊ वस्तू मुलामा निघतात. ईपीएनएस ही अक्षरं म्हणजे निकेल मिश्रधातूवर विजेने चढवलेली चांदी. तशा मुलाम्याचं एल्किंग्टन यांचं पेटंट १८४० चं, त्यामुळे वस्तू त्याआधीची नाही एवढं नक्की. जर्मन सिल्व्हरमध्ये तर नावापुरतीसुद्धा चांदी नसते.

नाण्याची कड भिंगाखाली फिरवा. कडेवर सलग जोड-रेघ आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खळगे असतील तर ते ओतलेलं आहे. मुळात ते नाणं ठोकून पाडण्याच्या पद्धतीचं असेल, तर हाती आलेलं नक्कल.

७. सगळ्यात नवी वस्तू शोधा

एका ढिगात शंभर जुन्या वस्तू आणि एक डब्याचं झाकण असेल, तर ढीग फार तर त्या झाकणाएवढा जुना, त्याहून जुना नाही. एकदा मला एका खड्ड्याच्या कडेला सुंदर छापील नक्षीची खापरं, हाताने घडवलेल्या ओठाची बाटली आणि चौकोनी खिळे मिळाले. मी मनातल्या मनात १८६० लिहूनसुद्धा टाकलं. परतताना त्याच थरात ओढून उघडायच्या डब्याची वेगळी निघणारी कडी दिसली. ती १९६० च्या दशकाआधीची असूच शकत नाही. म्हणजे कुणीतरी आजीचं घर रिकामं केलं होतं आणि सगळं तिथे ओतलं होतं. आजीच्या वस्तू खऱ्याच होत्या, तो खड्डा तेवढा अलीकडचा होता.

उलट दिशेने ही चूक करू नका. "इथे प्लास्टिक नाही, म्हणजे प्लास्टिकच्या आधीचं" असं म्हणता येत नाही. नसलेल्या वस्तूने काही सिद्ध होत नाही.

८. चिठ्ठी आणि विचारपूस

प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली. शाई ओलीत उडते. चिठ्ठीत तारीख, अक्षांश-रेखांश, जमिनीचं स्वरूप, शेजारी काय होतं, वजन, मापं आणि तुमचा अंदाज. अंदाजापुढे प्रश्नचिन्ह ठेवायची लाज वाटू देऊ नका, माझ्या निम्म्या चिठ्ठ्यांवर ते आहे.

संग्रहालयात किंवा विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात दाखवायला न्याल तेव्हा आधी फोटो पाठवा: पुढून, मागून, कडेने, तुटलेल्या कडेचा जवळून, प्रत्येकात पट्टी. "ही कशी बनवली असेल?" असं विचारलंत तर लोक खुर्ची ओढून बसतात. "किंमत किती येईल?" असं विचारलंत तर त्यांना एकदम काम आठवतं. ती मळी मी अजून ठेवली आहे, आणि तिच्या चिठ्ठीवर ठिकाणाच्या रकान्यात "नदीकाठ" एवढंच आहे. परवा एका विद्यार्थ्याने ती बघायला मागितली. चिठ्ठी वाचली आणि जपून परत ठेवून दिली.